कमरीपेठ ते बेंगेरी : कामाची जाण कोणाकडे जाते?

कमरीपेठेतल्या माणसाला ‘पटवेगार’ म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. रेशीम विणणं हा सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचा पिढीजात धंदा, आणि पेठेत या समाजाची वस्ती जुनी. आज पेठेतून फिरताना मागाचा आवाज माझ्या कानी येत नाही. धंदा थांबला तरी आडनाव राहतं, घर राहतं; ताणा किती ओढायचा याचा अंदाज मात्र माणसाबरोबर जातो. मग आपल्या हुबळी-धारवाडात तो कोणी कसा राखला?

धारवाडच्या लाइन बाजारातला ठाकुरांचा पेढा घ्या. प्लेगमुळे हे कुटुंब उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून इथं आलं. रामरतनसिंहांनी सुरू केलेला पेढा त्यांचे नातू बाबूसिंह यांच्या नावानं प्रसिद्ध झाला. दूध आटवायचं, खवा तपकिरी होईस्तोवर भाजायचा, साखरेत घोळवायचा, इतपत सगळ्यांना ठाऊक. खरी कृती मात्र घरातच राहिली. धारवाड पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्यानं फक्त नाव राखलं जातं. भट्टीपाशी बसायला घरातलं पुढचं पोर लागतंच.

बेंगेरीतल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाची रीत वेगळी. 1957 साली स्थापन झालेला हा संघ भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्रानुसार राष्ट्रध्वज बनवतो. 6 बाय 4 इंचांपासून 21 बाय 14 फुटांपर्यंत नऊ मापं, सगळी लेखी ठरलेली. सूत, विणकाम, रंग, छपाई, शिलाई अशी कामाची वाटणी. एकीनं काम सोडलं तरी मापाचा कागद राहतो. पण 24 आऱ्यांचं चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी नेमकं जुळवायचं, तिथं कागद पुरा पडत नाही. ते जाणत्या हाताशेजारी उभं राहूनच शिकायचं, आणि शिकायला हातात काम हवं. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या पॉलिस्टर झेंड्यांना मुभा मिळाली. संघानं त्याला विरोध केला. मागणी घटली की नवी माणसं येत नाहीत, आणि जुन्यांची जाण जागीच थांबते.

म्हणजे गुपित असो की लेखी माप, शेवटी शेजारी बसणारा शिकाऊ लागतोच. आपण वारसदार म्हटलं की गल्ल्यावर बसणाराच बघतो. पेठेतल्या दुकानदारांना माझं एवढंच सांगणं: जुना कारागीर घरी बसायच्या आधी वर्षभर तरी त्याच्या हाताखाली एक पोरगं द्या. त्या वर्षी दोन पगार पडतील, पडू द्यात.