जेऊरची दोन मिनिटं

आमचं परंडा धाराशिव जिल्ह्यात. पुण्याहून घरी जायचं म्हणजे कुर्डुवाडीला उतरायचं आणि पुढे एसटी. कुर्डुवाडीच्या जरा आधी जेऊर नावाचं स्टेशन लागतं. मी ते कित्येक वर्षं झोपेतच पार केलं. मग कधीतरी वाचनात आलं, की २२ जानेवारी १८९८ला ह्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहण पाहायला थेट कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते, दुर्बिणी-बिर्बिणी घेऊन. तेव्हापासून खिडकीची जागा मिळाली तर मी जागा राहतो.

पुण्याहून आले होते कावसजी दादाभाई नायगमवाला, कॉलेज ऑफ सायन्सचे (म्हणजे आजच्या सीओईपीचे) प्राध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती. तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सर्वांत मोठी. जेऊरला खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात काचेच्या प्लेटांवर जे उमटलं ते उमटलं. त्यांचा अहवाल छापून आला १९०२ साली. दोन मिनिटांना चार वर्षं!

मला चटका लावून गेलं ते पुढचं. १९१२मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. उपकरणं कोडाईकनालला गेली. आमच्या धंद्यात ह्याला 'बस फॅक्टर' म्हणतात, म्हणजे किती जण बसखाली आले तर प्रोजेक्ट बुडेल? पुण्याच्या त्या वेधशाळेचं उत्तर होतं: एक.

तर, आकडे एकमेकांना देण्याचा प्रश्न पुष्कळसा सोडवला तो 'फिट्स' ह्या फाईलच्या साच्यानं, १९८१ साली. चित्रासोबतच वेळ, उपकरण, दिशा सांगणारी पाटी जोडलेली. पण फाईल हातात आली म्हणजे सूर्य कळला असं नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करा, कमी-जास्त उजेड सारखा करा, सूर्य मधल्या वेळात फिरलेला असतो तो हिशोब धरा... हे करणारा कोड ज्याच्या त्याच्या मशीनवर, आणि तो का चालतो हे ज्याच्या त्याच्या डोक्यात. म्हणजे पुन्हा नायगमवालाच.

१९९१मध्ये जपानचा योहको उपग्रह गेला. त्यात अमेरिकन आणि ब्रिटिश मंडळीही होती, त्यामुळे एकाच कोडवर सगळ्यांनी काम करणं भाग पडलं. त्यातून आणि नंतरच्या सोहो मोहिमेतून उभं राहिलं सोलरसॉफ्ट. कल्पना साधी, पण भन्नाट. एक मोठं झाड, प्रत्येक उपग्रहाच्या टीमला त्यात एक फांदी, आणि जगभरच्या संस्थांत त्याच झाडाच्या प्रती. ह्या माणसांनी गिटहबच्या कितीतरी आधी हे केलं, ह्याबद्दल माझा त्यांना मनापासून सलाम.

पण एक मेख होती. झाड फुकट, जमीन विकत. सगळं लिहिलेलं आयडीएल ह्या भाषेत, आणि आयडीएल चालवायचं तर लायसन्स घ्यायचं. मोठ्या संस्थांना तो खर्च जाणवतही नसेल.

माझ्या मामेबहिणीला जाणवला. ती एम.एस्सी. फिजिक्सला. प्रोजेक्टसाठी सोहोच्या ईआयटी दुर्बिणीची १९९६पासूनची चित्रं हवी होती. ती फुकट मिळाली, पण साफ करणारा कोड आयडीएलमध्ये. कॉलेजकडे लायसन्स नाही. "दादा, तू आयटीत आहेस ना, कर की काहीतरी!" आता मी बँकेच्या व्यवहारांचे रिपोर्ट बनवतो, पण घरच्यांच्या दृष्टीनं आयटी म्हणजे आयटी. ओळखीतल्या एकानं क्रॅक केलेली प्रत देऊ केली. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण उद्या पेपरात "हे कशावर केलं" असं विचारलं तर ती काय सांगणार? जीडीएल नावाचा फुकट पर्याय आहे, त्यावर दोन रविवार घातले. तिला हवं ते चाललं नाही.

शेवटी तिनं विषयच थोडा वळवला. २०११मध्ये काही तरुण सौरशास्त्रज्ञांनी पायथॉनमध्ये सनपाय लिहायला घेतलं होतं आणि २०१९मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. भाषाही फुकट, लायब्ररीही फुकट, कोड सगळ्यांसमोर उघडा. २०१०मध्ये गेलेल्या एसडीओ उपग्रहाची चित्रं त्यात सरळ उघडतात. जुन्या मोहिमांचं सगळं काही तिकडे आलेलं नाही (ईआयटीनंच तर आम्हाला रडवलं), आणि हा डोलारा थोड्याच लोकांच्या खांद्यावर आहे, हेही खरं. बस फॅक्टर एक नाही, एवढंच.

आणि पुणं परत आलंच. आयुकानं बनवलेली 'सूट' दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ला आदित्य-एल१ वरून गेली. ११ फिल्टरांतून ती सूर्याकडे अतिनील प्रकाशात पाहते. तिला दोन मिनिटांत आवरायची घाई नाही. जानेवारी २०२५पासून इस्रोनं आदित्यची निरीक्षणं खुली करायला सुरुवात केली. फाईली अर्थात फिट्स.

गेल्या दिवाळीला परंड्यात तिच्या जुन्या लॅपटॉपवर एका सौरडागाभोवतीच्या भागाचे सहा दिवस एकापुढे एक लावले. चित्रं ४०९६ बाय ४०९६, लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. चौथ्या दिवशी लाईट गेली. मामी म्हणाली, "सूर्य बघायला रात्री कशाला बसता रे?" लाईट आल्यावर बहिणीनं तीच ओळ पुन्हा चालवली आणि आकडे अगदी तेच आले. मग तिनं फाईल मैत्रिणीला पाठवली. तिच्याकडे तर बिघडलंच, तिचं पायथॉन जुनं निघालं.