बाळंतपणाचा कर्ता

‘मुलगी बाळंत झाली’ आणि ‘आईने मुलीचे बाळंतपण केले’ ही दोन्ही वाक्ये आपल्या नित्य परिचयाची आहेत. पहिल्या वाक्याचा कर्ता प्रसूत होणारी स्त्री होय; दुसऱ्याचा कर्ता मात्र त्या प्रसंगाचे श्रम व खर्च सोसणारी व्यक्ती. ‘मुलीचे लग्न करणे’, ‘वडिलांचे श्राद्ध करणे’ या प्रयोगांच्याच पंक्तीला हा प्रयोग बसतो. नव्या अपत्यामुळे घरावर पडणाऱ्या खर्चाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने या दुसऱ्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे; कारण खर्चाची नोंद कोणाच्या चोपडीत शोधावयाची, हे ते वाक्य सांगते.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, असा आपल्याकडील बहुतेक समाजांचा रिवाज. सुईणीचे देणे, शेकशेगडीचे कोळसे, बाळंतशेपा, ओवा, डिंक, अळीव, खारीक, खोबरे आणि या सर्वांवर मात करणारे तूप, हा सव्वा महिन्याचा भार माहेर उचलीत असे. पाचवीची पूजा व बारसे यांचा खर्च निराळा. बाळंतविडा बाहेरून येई हे खरे. परंतु तो आज घ्यावयाचा व उद्या दुसऱ्या घरी फेडावयाचा. त्याला मिळकत मानणे भाबडेपणाचे होईल. सासरच्या हिशेबात यातील फारच थोडे उतरे.

मुंबईच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये गिरणगावातील कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,४७३ कुटुंबांचे हिशेब असून सरासरी मासिक प्राप्ती ५२ रुपये ४ आणे ६ पै अशी दिली आहे. हे साधन मोलाचे आहे. तथापि चाळीतील बिऱ्हाडाचा मासिक जमाखर्च हे ज्या पाहणीचे एकक, तिच्या हाती रत्नागिरीकडील माहेरी झालेला खर्च कसा लागावा? बाळंतपणाचा कर्ता तेथे बिऱ्हाडाबाहेर राहतो.

स्त्री स्वतः गिरणीत काम करू लागली, तेव्हा या जुन्या व्यवस्थेत न बसणारे दोन खर्च उद्भवले. एक बुडालेल्या मजुरीचा, दुसरा कामाच्या वेळी मूल सांभाळण्याचा. दुसऱ्याची तोड किती भयंकर होती, हे डॉ. एफ. डी. बार्न्स यांनी स्त्री-कामगारांच्या केलेल्या चौकशीत दिसते. तिचा वृत्तांत १९२२ च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. मूल निजून राहावे म्हणून त्यास अफूची गोळी दिली जाई. लोक तिला बाळागोळी म्हणत. इतके लडिवाळ नाव इतक्या घातक वस्तूस लाभल्याचे उदाहरण निदान माझ्या पाहण्यात दुसरे नाही. मूल सांभाळणाऱ्या बाईच्या पैशांपुढे गोळीची किंमत क्षुल्लक होती, हे त्यामागील साधे अर्थशास्त्र.

बुडालेल्या मजुरीचा प्रश्न मुंबई विधिमंडळात पोहोचला. २८ जुलै १९२८ रोजी प्रसूतिसाहाय्य विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका कर्त्याचाच प्रश्न हाताळला. मातेस प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याने हा भार मुख्यतः सरकारने वाहावा, असे त्यांचे मत होते. परंतु स्त्रीला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो. म्हणून काही भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे नाही, असेही त्यांनी प्रतिपादिले. ‘करणे’ या क्रियापदास तेथे प्रथमच माहेराखेरीज दुसरा कर्ता सुचविला गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. भाषेच्या अभ्यासकाने तो आवरावा हे बरे.

१९२९ साली कायदा झाला आणि मालकाकडून ठरावीक आठवड्यांपुरते दिवसाला ८ आणे मिळू लागले. ही रक्कम मजुरीच्या जागी होती. तूप, डिंक आणि सुईणीचे देणे पूर्वीप्रमाणेच माहेरच्या चोपडीत राहिले.