सुंदरबनची बुटकी मेंढी अन् आपल्या ठेलाऱ्यांचा एडका

बाजरी-मका निघून वावरं मोकळी झाली की साक्री, शिंदखेड्याकडचे ठेलारी भाऊ वाडे घेऊन येतात. आपण मेंढ्या बसवतो, लेंडीखत घेतो. पण ज्या साली पाऊस लांबतो, त्या साली ठेलाऱ्याचं काय होतं हे आपल्याला कमी माहीत. मेंढीच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, जबड्याखाली पाणी साठून पिशवीसारखं लोंबतं, अन् चालता चालता जनावर बसतं. बहुतेक वेळा हे काम हिमोंकस नावाच्या जंताचं. मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो अन् रक्त पितो. एक मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी टाकते. ती लेंडीतून गवतावर, गवतावरून पुन्हा मेंढीच्या पोटात.

औषध आहे ना, मग घोर कसला? हेच सगळ्या जगाला वाटलं होतं. १९६१ साली थायाबेंडाझोल आलं, लोकांना वाटलं जंत संपला. १९६४ मध्येच अमेरिकेत त्याला न मरणारे जंत सापडले. मग दुसरं औषध, मग तिसरं. १९८१ ला आयव्हरमेक्टिन आलं, त्याच्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळालं, पण जंत त्यालाही पचवून बसला. आपल्या कापसावरच्या बोंडअळीसारखीच गत. औषधाच्या मारातून वाचलेला किडाच पुढची पिढी घालतो.

म्हणून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लोकांनी दुसऱ्या बाजूनं विचार केला. एकाच कुरणात चरणाऱ्या दोन मेंढ्या, एकीच्या लेंडीत ढीगभर अंडी, दुसरीच्या थोडी. हा फरक नुसता नशिबाचा नाही, बापाकडून लेकराकडे जातो. किती जातो? वेगवेगळ्या कळपांत मोजलं तर रुपयात साधारण चार आणे. बाकी बारा आणे चारा, पाऊस, वय. चार आणे कमी वाटतात, पण दर पिढीला कमी अंड्यांचाच एडका ठेवला तर साठत जातात. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनंही मालपुरा मेंढ्यांत असं काम केलंय.

आता महाराष्ट्राची गोष्ट. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. नव्वदच्या दशकात या लोकांनी बंगालमधून, सुंदरबनच्या दलदलीतून गॅरोल मेंढ्या आणल्या. बुटकं जनावर, पंधरा किलोच्या आतबाहेर. आपली दख्खनी तिच्या जवळपास दुप्पट. मग आणली कशाला? जुळ्यांसाठी. गॅरोल एका वेताला दोन-दोन, कधी तीन कोकरं देते. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजानं ऑस्ट्रेलियात मेंढ्या गेल्या होत्या. तिकडच्या बुरुला मेरिनोत जुळ्यांचा जो जनुक आहे तो त्यांच्याच रक्तातला असावा, असं जाणकार मानतात. २००२ च्या सुमारास तपासलं तर गॅरोलमध्ये तोच जनुक निघाला. फलटणवाल्यांनी तो दख्खनीत आणला अन् ‘नारी सुवर्णा’ तयार केली. हे पुष्कळांनी वाचलं असेल.

पण त्याच कामाची दुसरी बाजू कमी लोकांना ठाऊक. डॉ. चंदा निंबकर अन् त्यांच्या सोबत्यांनी ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांबरोबर दख्खनी, बन्नूर अन् त्यांचे गॅरोलशी संकर अशी कोकरं जंतासाठी तपासली. २००३ मध्ये ते छापून आलं. गॅरोलचं रक्त असलेल्या कोकरांच्या लेंडीत अंडी कमी. मला यात नवल वाटत नाही. दलदलीत गुडघाभर पाण्यात पिढ्यान् पिढ्या चरलेली मेंढी, जी जंताला बळी पडली ती तिथंच गेली. निवड निसर्गानं केली, पगार कुणाला दिला नाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. गॅरोलचं रक्त वाढलं की अंग कमी भरतं, अन् बाजारात कोकरू वजनावर जातं. म्हणून जुळ्यांचा जनुक तेवढा पुढं नेला गेला. तो एकच जनुक आहे, रक्त तपासून ओळखता येतो. जंत पचवण्याची ताकद अनेक जनुकांत विखुरलेली, ती अशी एका चाचणीत पकडता येत नाही. माझं मत असं की बंदिस्त पाळणाऱ्याला जुळी बरी, पण आपल्या चालत्या वाड्याला आधी टिकणारी मेंढी पाहिजे. वीस-वीस कोस चालायचं असताना जुळी कोकरं खांद्यावर किती वाहणार?

मग ठेलाऱ्यानं गॅरोल आणायची का? गरज नाही. दख्खनीच्या वाड्यातही मेंढी-मेंढीत फरक आहेच. तो दिसत नाही, कारण सगळ्या वाड्याला एकाच दिवशी औषध पाजलं जातं. चांगली-वाईट एका मापात. जुने म्हातारे एडका निवडताना त्याची आई बघायचे, पावसाळा कसा काढला ते बघायचे. ते शास्त्रच होतं.

करायचं असेल तर भादव्यात करा, जंताचा जोर तेव्हा असतो. एकाच वयाचे, एकाच वाड्यातले चार-पाच होतकरू नर घ्या. औषध पाजून किमान सहा आठवडे झालेले असावेत. प्रत्येकाच्या ताज्या लेंड्या गुदद्वारातूनच काढून वेगळ्या पिशवीत, वर कानाचा नंबर, अन् त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. नुसतं ‘जंत आहेत-नाहीत’ नको, ‘एका ग्रॅममध्ये अंडी किती’ असं विचारा. डोळ्याची खालची पापणीही उलटून बघा, लाल की पांढरी. आजारी दिसणाऱ्याला औषध थांबवू नका, त्याला फक्त एडका म्हणून ठेवू नका. अन् पीपीआर, आंत्रविषाराच्या लसी घ्यायच्याच, जंत पचवणारी मेंढी त्या रोगांना पुरी पडत नाही.

चाळीसगावजवळ बिलाखेडला मेंढी-शेळी महामंडळाचा फार्म आहे. तिथून किंवा आणखी कुठूनही नर घेणार असाल तर वजनाबरोबर हाही आकडा मागा. नसेल त्यांच्याकडे, तरी मागा. मागणाऱ्यांची संख्या वाढली तर मोजायला लागतील.