मूर्तिजापूरचा फलाट आणि मंगरूळपीरचा प्रवासी

मंगरूळपीरला रेल्वे कधीच आली नाही. तरी या गावाच्या प्रवासाचा इतिहास रेल्वे वगळून सांगता येत नाही. ईशान्येला कारंज्यात अडीच फुटी रुळांवरची शकुंतला ही छोटी लाईन, नैर्ऋत्येला वाशीमला स्वातंत्र्यानंतर आलेली मीटरगेज आणि उत्तरेला अकोला-मूर्तिजापूरवरून नागपूरकडे जाणारी ब्रॉडगेज. एका तालुक्याभोवती तीन मापांचे रूळ होते आणि एका मापाचा डबा दुसऱ्या रुळावर जात नव्हता. म्हणजे मुंबई गाठायची तर गाडी बदलणे आलेच. असा प्रवास वेगावर जितका ठरतो, त्याहून अधिक तो एक गाडी पोचणे आणि दुसरी सुटणे यांमधल्या वेळेवर ठरतो. वऱ्हाडातल्या छोट्या लाईनने माणसे गमावली ती प्रामुख्याने इथे.

ही लाईन मुळात कापसासाठी होती. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदराला जोडला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूरहून एकीकडे कारंज्यावरून यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर अशा शाखा टाकल्या. मूर्तिजापुरात गाठी छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवाव्या लागत. गाठ रात्रभर धक्क्यावर पडून राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. कारंज्याच्या गुरुमंदिराला निघालेले कुटुंब किंवा मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याला येणारा भाविक मात्र फलाटावर रात्र काढतो, तेव्हा पुढच्या वेळी तो दुसरी वाट शोधतो.

मालकी खासगी कंपनीची, मग मेळ कोण घालणार, असा एक आक्षेप आहे. तो टिकत नाही. शकुंतलेच्या गाड्या आधी जीआयपी आणि नंतर मध्य रेल्वेच चालवत होती. दोन्ही वेळापत्रके एकाच यंत्रणेच्या हातात होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ताशी जेमतेम वीस किलोमीटरची गाडी एस.टी.पुढे टिकलीच नसती. मूर्तिजापूर-यवतमाळ या ११३ किलोमीटरांसाठी हे बरेचसे खरे आहे. पण कारंज्याहून मूर्तिजापूर जवळ आहे; तेवढ्या टप्प्यात खरा तोटा फलाटावरच्या ताटकळण्याचा. १९९४ मध्ये वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले, तरी पुढे दिवसाला एकच फेरी राहिली. एकुलती गाडी मोठ्या लाईनच्या प्रत्येक दिशेच्या फार तर एका गाडीला गाठू शकते. उशिरा येणाऱ्या मेलसाठी ती थांबवावी तर पुढच्या गावांचे प्रवासी खोळंबतात; न थांबवावी तर उतरलेल्यांचा दिवस बुडतो. नुसत्या वेळा पुढेमागे करून हा पेच सुटत नाही.

स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडायला सुरुवात केली आणि पुढे मोठ्या जंक्शनांवर त्या एकाच सुमारास भेटतील अशी आखणी केली. तिथली लोकसंख्या आणि पैसा वऱ्हाडात नाही, हे मान्य. पण क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी फेऱ्या, मग मेळ. एस.टी.ने वऱ्हाडात हेच जमवले. एक बस चुकली तरी दुसरीची आशा असते, म्हणून मंगरूळपीरच्या माणसाचे वेळापत्रक बसस्थानकावर ठरू लागले. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज दारव्हा, पुसदवरून जाणार आहे. तिच्याबद्दल रुळांच्या लांबीइतक्याच आग्रहाने विचारायला हवे की रोज किती गाड्या धावतील आणि आडगावांच्या बस त्यांना कुठल्या स्टेशनावर गाठतील.