नेवाशाची मण्यांची माळ आणि मातृशोक

प्राचीन महाराष्ट्रातील मातृवात्सल्याचा विषय निघाला की अभ्यासकांची दृष्टी प्रथम मातृदेवतांकडे वळते. उत्खननात मातीची स्त्रीमूर्ती हाती येताच तिला देवता ठरविण्याची सवय जुनीच आहे. त्या सवयीमुळे घरातील हाडामांसाची माता मात्र इतिहासाबाहेर राहते. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुरावा या दृष्टीने पुन्हा तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रवरेच्या खोऱ्यात जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे आहेत. त्यांपैकी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत घरांच्या जमिनीखाली बालकांची दफने आढळली. दोन मडक्यांची तोंडे एकमेकांस जोडून त्यांत मृत बालक ठेवीत. गावाबाहेर न नेता त्यास घरातच ठेवले जाई.

अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्याचे अवशेषही टिकले होते व तपासणीत त्यांत रेशीम आणि कापूस यांचे तंतू आढळले. ज्या समाजाची बहुतेक हत्यारे दगडी पात्यांची होती, त्याने दुर्मिळ तांबे मृत बालकासाठी खर्ची घालावे, ही गोष्ट लहान नव्हे. घरगुती कलेतील वात्सल्याचा याहून बोलका पुरावा आम्हांस दिसत नाही. ती माळ कोणत्याही देवतेची नव्हे, घरच्या लेकराची होती.

या वस्तीचा आणि बुद्धकाळाचा थेट संबंध जोडणे अनैतिहासिक ठरेल. परंतु जो शोक नेवाशास मातीखाली मुका राहिला, तो थेरीगाथेत बोलू लागतो. तेथे उब्बिरी आपल्या जीवा नावाच्या कन्येसाठी रडते. तिचे दुःख तथागत नाकारीत नाहीत. त्याच स्मशानात दग्ध झालेल्या असंख्य जीवांची आठवण देऊन ते दुःख व्यापक करतात. किसा गोतमीची मोहरीची कथा अट्ठकथेत येते, तिचेही मर्म हेच. येथे माता पूज्य मूर्ती म्हणून उभी नसून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अनुभवाने बोलणारी व्यक्ती आहे.

हाच विचार पुढे शिल्पात उतरला. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, हारितीचे शिल्प कोरले गेले. तिची कथा मूलसर्वास्तिवादी विनयात आहे. इतरांची मुले खाणाऱ्या या यक्षिणीचे धाकटे मूल बुद्धांनी भिक्षापात्राखाली लपविले, तेव्हा तिला परक्या मातांचे दुःख कळले. शिल्पाच्या पायथ्याशी मुलांची शाळा दाखविली आहे, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. स्वतःच्या मुलावरील प्रेम सर्वांच्या मुलांपर्यंत पोहोचले की त्याची पुढची पायरी शिक्षण हीच असते.

मेत्तसुत्तातही मातेच्या एकुलत्या एका पुत्राविषयीच्या प्रेमाची उपमा सर्व प्राणिमात्रांसाठी योजिली आहे. म्हणूनच स्त्रीला देवी म्हणून मखरात बसविणे हा तिचा सन्मान आम्ही मानीत नाही. तिचा शोक ऐकणे, तिचे नाव नोंदविणे आणि तिच्या लेकरास शाळेत पोहोचविणे, हाच तिचा खरा सन्मान होय.