संगमावरचा बोट क्लब

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे मंडळाच्या सेक्रेटरींनी सांगितले, तेव्हा मला पुण्याचा बोट क्लब आठवला. बंगळूरच्या गणेशोत्सवात पुण्यातील होड्यांचे काय काम, असे कोणी विचारील. पण दुवा आहे.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आपले सीओईपी, १८५४ साली सुरू झाले ते सरकारी बांधकामांवर दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. म्हणजे मुळात ती आम्हा डिप्लोमावाल्यांचीच शाळा, असे मी थट्टेने म्हणतो! बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झालेले विश्वेश्वरय्या याच कॉलेजात शिकून १८८३ साली इंजिनिअर झाले. पुढे १९०३ साली त्यांनी खडकवासला धरणावर पुराबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्या धरणातून येणारी मुठा कॉलेजजवळच मुळेला मिळते. या संगमापाशी १९२८ साली कॉलेजचा बोट क्लब सुरू झाला.

त्याआधी वल्हवणे हा साहेबांचा खेळ होता. १८५० साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून नदीवर बंधारा झाला आणि त्यामागे पाणी अडून राहू लागले. त्या बाजूला १८६८ साली स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब आजही आहे. संगमावर मात्र वल्ही आपल्या मुलांच्या हाती आली.

पुण्यात डिप्लोमा करत असताना सीओईपीतला एक मित्र मला रेगाटा पाहायला घेऊन गेला. हा उत्सव दरवर्षी मार्चच्या सुमारास होतो आणि सारी तयारी विद्यार्थीच करतात. बाणाच्या आकारात सरकणाऱ्या होड्या, कयाकचे नृत्य आणि अंधार पडल्यावर पाण्यात थरथरणाऱ्या मशाली! शर्यतीची एकट्याची होडी आठ मीटर लांब, पण वजन जेमतेम १४ किलो. वल्हवणारा पुढच्या दिशेला पाठ करून बसतो. आठ जणांच्या होडीत पुढचे फक्त सुकाणूवाल्याला दिसते. बाकीच्यांनी त्याच्या हाकेवर एकदम वल्हे मारायचे. आमच्या गँगमननी मुकादमाच्या हाकेवर रूळ सरकवावा, तसेच. एकाचा ताल चुकला की सगळ्यांची मेहनत वाया.

या खेळाने मोठी माणसेही घडवली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी भागात वडिलांबरोबर विहिरी खणत असे. २०१२ साली तो सैन्यात गेला आणि पुण्यात लष्कराच्या केंद्रात वल्हवायला शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याला सुवर्णपदक मिळाले. पाण्यासाठी जमीन खणणारा मुलगा पाण्यावरच नाव काढतो, याचे मला फार कौतुक वाटते.

पण त्या संध्याकाळची आणखी एक आठवण आहे. मशाली पाहताना आम्ही नाकाला रुमाल लावला होता. शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी नदीची दशा केली आहे. मुंबईला जाताना पुणे सोडले की गाडी संगमाजवळचा पूल ओलांडते. त्या वेळी मी अजूनही खिडकीशी जाऊन उभा राहतो. हिरवा गालिचा दिसला की वाईट वाटते. पाणीच गेले तर बोट क्लब म्हणजे नुसती शेड.

बंगळूरकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१७ साली आपल्या बेळंदूर तलावाने पेट घेतलेला आपण पाहिला. हलसूर तलावाकाठी फिरताना मला म्हणून संगम आठवतो. बाप्पाला निरोप द्यायला आपल्याला पाणीच लागते. मूर्ती शाडूची असावी आणि निर्माल्य पाण्यात जाऊ नये, एवढे तरी आपण तालात करू या. होडी एकट्याने पुढे जात नाही.

गणपती बाप्पा मोरया!