न भुंकणारा कुत्रा आणि बंद वही

हाक मारली तर हा आधी विचार करतो, वाटलं तर येतो. भुंकत तर जवळजवळ नाहीच. हा बसेंजी, मूळचा काँगोच्या जंगलातला. तिथे शिकारीत तो माणसाच्या पुढे धावायचा. आवाज नाही म्हणून गळ्यात लाकडी घंटा. तेव्हा आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो, ते त्याचं कामच होतं.

१८९५ मध्ये इंग्लंडला आणलेली जोडी डिस्टेंपरने गेली. १९३० च्या दशकात पुन्हा काही कुत्रे आले आणि टिकले. पण अशा मोजक्याच पूर्वजांवर वंश वाढला. वंशावळीची वही बंद, म्हणजे बाहेरचं रक्त नाही.

त्याची किंमत काय? फॅन्कोनी नावाचा मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार. रक्तातली साखर ठीक असते, तरी ती लघवीतून वाहून जाते. गंमत नाही, गोची बघा: लक्षणं बहुतेकदा चार वर्षांनंतर दिसतात, तोवर पिल्लं झालेली असतात!

१९८७-८८ मध्ये काही अमेरिकन मंडळी झैरेत जाऊन नवे कुत्रे घेऊन आली. १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने वही उघडली. २०११ मध्ये थेट जनुकचाचणीही आली.

मग सगळे वाहक बाद करायचे? नको. तसं केलं तर वंश पुन्हा आक्रसेल. वाहकाची जोडी चाचणीत सदोष जनुक न आढळलेल्या कुत्र्याशीच लावा, एवढं पुरेसं आहे. आणि बसेंजी पाळलाच, तर लघवीतली साखर तपासायची पट्टी घरात ठेवा. तो स्वतःहून काही सांगणार नाही.